न आटणाऱ्या पाण्याची ओटी

नागपूर शहर, खापरखेड्याची वसाहत, सावनेरचं सासरघर आणि बाली बेटावरचा एक टॅक्सीवाला, अशा सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, शोभा यापुढे कोणत्याही गाडीत खिडकीजवळच्या जागेसाठी भांडणार नाही. ज्यांना ती जागा हवी असेल त्यांनी खुशाल बसावे. हरकत घेणारी व्यक्ती आता उपलब्ध नाही.

शोभे, हे मी काल तुझ्या तेरवीला भर पंगतीत उभं राहून म्हणून दाखवलं. कोणी हसलं नाही. तुझ्या पोराने, निखिलने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी वरणाच्या बादलीत पाय टाकला होता. तू असतीस तर तोंडाला पदर लावून पानावरून उठली असतीस. खरं सांगायचं तर माझ्या गोष्टींना बाकीचे लोक नंतर हसायचे, आधी तू हसायचीस. तू हसलीस की त्यांना कळायचं, इथे हसायचं असतं. काल कोणालाच कळलं नाही.

तू कशी गेलीस ते मी लिहिणार नाही. दारात आलेल्या प्रत्येक माणसाने ते मलाच विचारलं आणि मी प्रत्येकाला सांगितलं. गच्चीवर कपडे वाळत घालत होती, बादलीत दोन चादरी उरल्या होत्या, खालच्या भाडेकरणीने वर जाऊन पाहिलं. सांगून सांगून मला ते इतकं पाठ झालं, की आपला आवाज नेमका कुठे कापणार तेही आधीच कळू लागलं. चादरींवर कापायचा. मग माझी मलाच किळस आली आणि मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हटल्यावर तुझ्या नातेवाइकांना वाटलं, हिची तब्येत बिघडली.

मला लिहायचं आहे ते आपल्या भांडणाबद्दल. ते अर्धं राहिलं. तू माझ्याकडे एक गोष्ट मागितली होतीस आणि मी हो म्हटलं नव्हतं. मेल्यावर तुला हिरवं लुगडं नेसवायचं, कपाळभर कुंकू लावायचं आणि ओटी भरून पाठवायचं. विधवेला! तेही सावनेरच्या तुझ्या सासरच्या माणसांसमोर! आणि हे त्यांना सांगायचं कोणी, तर मी. जी तुझी ना जाऊ, ना नणंद, ना मावसबहीण. वसाहतीतली एकेकाळची शेजारीण. त्या बाली बेटावर, धबधब्याच्या पायऱ्यांवर ओल्या कपड्यांनी उभी राहून तू हे मागितलंस.

त्या दिवसाकडे मी पुन्हा पुन्हा जाते. दुसरीकडे कुठे जाऊ?

मे महिना होता. नागपुरात कूलरसुद्धा गरम वारा फेकत होते. आपल्या भिशीच्या बायकांनी शोधून शोधून सगळ्यात स्वस्त सहल काढली होती. इतकी स्वस्त, की हॉटेल समुद्रापासून पार आत, डासांच्या गावात, आणि कार्यक्रमात एक अख्खा दिवस 'मोकळा' होता. मोकळा म्हणजे त्या दिवशी सहलवाले आपल्याला ओळखही देणार नव्हते. बाकीच्या बायका बाजारात गेल्या. तुझी मोठी जाऊ मंदाबाई मात्र सकाळपासून आंघोळ करून, पिशवी पोटाशी धरून पलंगावर बसली होती. तिला धबधबा पाहिजे होता.

मंदाबाईचं तू समजून घेतलंस, मी घ्यायला उशीर केला. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे तुझ्या मोठ्या भाऊजींचं डायलिसिस सुरू झाल्यापासून ही बाई दिसेल त्या पाण्याची ओटी भरत सुटली होती. कन्हान झाली, वैनगंगा झाली, नर्मदा झाली. मग एका उन्हाळ्यात कन्हानच्या पात्रात तिने बकऱ्या चरताना पाहिल्या आणि तिच्या मनाने घेतलं, की आटणाऱ्या नदीची ओटी भरून नवरा कसा टिकेल? ओटी अशा पाण्याची भरायची, जे कधीच आटत नाही. सहलीच्या कागदावर धबधब्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, बारमाही. म्हणून ती आली. बालीशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

आणि ती नारळ घेऊन आली. नारळांच्या बेटावर नागपूरच्या इतवारी बाजारातला नारळ! परकरात गुंडाळून, बॅगेच्या तळाशी. मी विचारलं, "बाई, तिथं नारळ भेटत नाही का?" तर म्हणाली, "तिथल्या नारळाले शेंडी नसते. बिनशेंडीचा नारळ ओटीत चालते का?" विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा तू तो नारळ दोन्ही हातांत धरून त्या अधिकाऱ्याला नमस्कार केलास. त्याने काय समजून सोडलं, देव जाणे.

सहलवाल्यांची गाडी परवडणारी नव्हती, म्हणून तू रस्त्यावर उभं राहून मादे नावाचा टॅक्सीवाला पटवलास. त्याला हिंदी येत नव्हती, तुला इंग्रजी येत नव्हती, आणि घासाघीस अगदी रंगात आली होती. "भैया, हम नागपूर से आये, अमेरिका से नहीं. चेहरा देखो हमारा!" त्याने चेहरा पाहिला आणि कबूल झाला. खिडकीजवळ अर्थातच तू. मंदाबाई मध्ये, पिशवी मांडीवर. मी दुसऱ्या दाराला चिकटून, तिकडची काच न उघडणारी.

वाटेत आपण हॉटेलच्या खोलीतून बांधून आणलेले पराठे काढले. मादेची गंमत करावी म्हणून तू त्याला चमचाभर ठेचा दिलास. आता हा पोट्टा नाचतो पाहा, म्हणून आपण दोघी सरसावून बसलो. त्याने तो मुरंब्यासारखा चाटून खाल्ला, मान हलवली आणि आपल्या डब्यातली लाल चटणी तुझ्या पराठ्यावर वाढली. तुझ्या डोळ्यांतून जे पाणी आलं! "बाप्पा! नागपूरची इज्जत गेली वं पुष्पे," असं तू नाक पुसत म्हणालीस. मंदाबाईसुद्धा हसली. त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसू.

धबधबा दिसण्याच्या आधी ऐकू आला. खाली जायला पायऱ्या होत्या, शेवाळलेल्या, वळत वळत जाणाऱ्या. पायऱ्यांवर ठिकठिकाणी पानांचे छोटे द्रोण ठेवलेले होते. आत फुलं, भाताची शितं, उदबत्ती. मंदाबाई प्रत्येक द्रोणाला हात जोडून उतरत होती. "बरे लोक हायेत," एवढंच म्हणाली. आणि अर्ध्या वाटेत तिचा गुडघा अडकला. वर जाता येईना, खाली जाता येईना. ती पायरीवर बसली ती बसलीच.

तिच्या मांडीवर पिशवी. पिशवीत नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि कुंकवाचा करंडा. खालून पाण्याचा आवाज येतो आहे. आणि ओटी भरायला आपण तिघी: एक सवाष्ण, जिला उठता येत नाही, एक विधवा, आणि एक मी. माझा नवरा हयात आहे, अमरावतीला दुसऱ्या बायकोबरोबर सुखात आहे. त्यामुळे मी सवाष्ण आहे की नाही, हे आजवर कोणत्याही हळदीकुंकवात ठरलेलं नाही. खापरखेड्याच्या वसाहतीत संक्रांतीला बायका मला हळद लावायच्या आणि कुंकवाची पाळी आली की करंडा पुढच्या बाईकडे सरकायचा. मी त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचे. तू तर बाहेरच यायची नाहीस. तू आत स्वयंपाकघरात बसून त्या सगळ्यांसाठी तिळाचे लाडू वळायचीस.

"वापस चाला," मंदाबाई म्हणाली. "माह्या नशिबात नाही."

"बाई, समुद्र ओलांडून नारळ आणला, अन् आता वापस?" तू म्हणालीस.

"मंग कोण जाईन?"

 तू वाकलीस आणि तिच्या मांडीवरची पिशवी उचललीस.

मंदाबाईला आधी कळलंच नाही. तू चारेक पायऱ्या उतरलीस तेव्हा कळलं, आणि तिने जी हाक मारली ती अजून माझ्या कानात आहे. "नको वं शोभा! तुह्या हातानं नको! माहा बुढा हातचा जाईन!" ती ओरडत होती, छाती पिटत होती, बसल्या बसल्या पुढे सरकायला पाहत होती. तू वळून पाहिलं नाहीस. मी मध्ये उभी. वर एक बाई नवऱ्याच्या जिवासाठी रडते आहे, खाली एक बाई त्याच नवऱ्याच्या जिवासाठी उतरते आहे. मला आयुष्यात पहिल्यांदा एकही विनोद सुचला नाही. मी तुझ्या मागे खाली आले.

तू गुडघाभर पाण्यात गेलीस. तुषारांनी काही दिसत नव्हतं. तू नारळाला हळद लावलीस, कुंकू लावलंस, खणावर तांदूळ ठेवलेस, ओंजळ भरलीस, आणि सगळं हळूच सोडून दिलंस. नारळ लगेच गेला. खण एका दगडाला अडकला. तू तो सुटेपर्यंत थांबलीस. काठावर एक म्हातारी आपला द्रोण घेऊन उभी होती, तीही थांबली. खण सुटला तेव्हा तिने मान हलवली आणि आपला द्रोण ठेवला.

"काय म्हटलं वं तू त्याले?" मी विचारलं.

"कोणाले?"

"पाण्याले."

"म्हटलं, हे बाईचं आहे. हात फक्त माहा आहे. हाताकडं पाहू नको."

मग वर चढताना तू थांबलीस. बोटांना कुंकू तसंच होतं, तू ते धुतलं नव्हतंस. बोटांकडे पाहत म्हणालीस, "पुष्पे, मी मेली न, तं मले हिरवं लुगडं नेसवजो. कुंकू लावजो. अन् ओटी भरून पाठवजो."

मी चिडले. तुला माहीत आहे मी किती चिडले. "काहून? यायनं तुले जन्मभर लाडू वळाले आत बसवलं. अन् तू मेल्यावर यायचंच कुंकू मागून राहिली?"

"जित्तेपणी मागितलं तं भीक वाटली असती. मेल्यावर मागाले मी थोडीच येणार आहे? तू मागजो."

"मी नाही बा."

"पाहू," म्हणालीस, आणि चढायला लागलीस.

परतीच्या गाडीत मंदाबाईने खिडकी मागितली आणि तू दिलीस. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ती काचेला डोकं टेकून बसली, पराठ्याला हात लावला नाही. मादेला वाटलं बाईला गाडी लागली. त्याने आपली बामची बाटली पुढे केली, ती तिने नुसती हातात धरून ठेवली. हॉटेलात पोचल्याबरोबर तिने सावनेरला फोन लावला. दोनदा चुकीचा लागला, म्हणून नंबर मला लावून द्यावा लागला. पलीकडून भाऊजी म्हणाले, "टीव्हीचा रिमोट कुठी ठेवला वं?" ती फोन धरून रडत राहिली. तू बाथरूममध्ये ओले कपडे पिळत होतीस आणि नळ मोठा सोडला होतास.

त्या दिवसापासून मंदाबाई तुझ्याशी बोलली नाही. भाऊजी आठवड्याला दोनदा डायलिसिसला जात राहिले, कुरकुर करत राहिले, जगत राहिले. पण त्यांना साधा ताप आला तरी सावनेरहून निरोप यायचा, की हे त्या दिवसाचं आहे. तू ऐकून घ्यायचीस. महालक्ष्म्यांना तुला बोलावणं आलं नाही. तू पुरण करून ठेवलंस आणि आपण दोघींनी ते गच्चीत बसून खाल्लं. मी म्हटलं, "अशा बायकांचं कुंकू पाहिजे तुले?" तू म्हणालीस, "बाईचं नको. माहं मले पाहिजे." आपलं भांडण पुन्हा पहिल्या पायरीवर यायचं.

शोभे, मी अजूनही म्हणते की माझंच बरोबर होतं. मेलेल्या बाईच्या ओटीत तांदूळ घालून तिला काय मिळतं? पण तू गेल्यापासून मी तुझ्याशी वाद घालते आणि तू उत्तर देत नाहीस. आपल्या भांडणात मी जिंकावं असं मला कधीच वाटलं नव्हतं, हे आता कळतं. मला फक्त तू समोर पाहिजे होतीस.

मी नवऱ्याचं घर सोडून वसाहतीत आले, तेव्हा सगळ्या सांत्वनाला आल्या होत्या. तू वाटलेला मसाला आणि कोंबडी घेऊन आलीस. "रडाचंच असंल तं कांदे चिर," म्हणालीस. मी कांदे चिरले, आणि पोटभर रडले, आणि पोटभर जेवले. त्यानंतर मी जे काही उभं केलं, ही नोकरी, हे घर, ही चावरी जीभ, ते त्या जेवणावर उभं आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मीठ कमी होतं.

आणि एक गोष्ट आहे, जी मी कोणाजवळ बोलले नाही. मी असलं काही मानत नाही. तरी तुला गच्चीवरून खाली आणलं तेव्हा माझ्या मनात आलं, पाण्याने हाताकडे पाहिलं. ज्याच्यासाठी ओटी भरली तो राहिला आणि भरणारीला नेलं. मी तो विचार लगेच हाकलला. पण दुपारी सावनेरहून गाडी आली, मंदाबाई उतरली, आणि दारात तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला कळलं, की गाडीत सगळा रस्ता तिनेही तोच विचार केला आहे.

ती आत आली आणि भिंतीला टेकून, पदर तोंडावर ओढून बसली. भाऊजी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर, हाताला पट्टी, मान खाली.

पुरुषांनी कोरं पांढरं कापड आणलं होतं. तुला आंघोळ घातली. आता कापड घालणार, तेव्हा मी उभी राहिले.  मी सगळं सांगितलं, धबधब्यापासून. लोकांनी ऐकलं, आणि मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं की कोणाचा विश्वास बसलेला नाही. जन्मभर गोष्टी रंगवून सांगितल्या, आता साधी सांगितली तरी लोक रंगच शोधत होते. तुझे चुलतसासरे, काकाजी, काठी टेकून म्हणाले, "पुष्पाबाई, हे काही नाटक नाही. विधवेले हिरवं नसते."

"काकू, आई मला तर कधी असं बोलली नाही," निखिल म्हणाला.

"तुले कसं बोलन रे? तू तिचा पोरगा आहे," मी म्हटलं.  मी आतल्या खोलीत गेले आणि तुझ्या कपाटातलं हिरवं लुगडं आणून निखिलच्या हातात दिलं. ते नवं होतं, घडीही मोडलेली नव्हती. त्याने लुगड्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच घडी मोडली. मग म्हणाला, "नेसवा."

काकाजी हरणारे नव्हते. "नेसवा बाप्पा, तुमची आई हाय. पण ओटी? ओटीले घरची सवाष्ण लागते. विचारा, कोण भरते ते."

त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी विचारलं. खोली बायकांनी भरलेली होती. कोणी मान वर करीना. प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर आपापला नवरा. एकीने मंगळसूत्र पदराखाली सरकवलं. निखिलची बायको पुढे झाली, आणि तिच्या आईने मागून तिचा कोपर धरून तिला बसवलं. मी एकटी उभी होते, हातात तांदळाचं ताट घेऊन, आणि ज्या बाईला ओटी भरायचा हक्क नव्हता ती मीच होते. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, शोभे, मी मागितलं. मला मागता आलं तेवढं मागितलं.

तेव्हा भिंतीजवळ मंदाबाई उठली. गुडघा धरून, भिंतीला हात लावत. मला वाटलं, आता ही ओरडणार. खोलीतल्या सगळ्यांनाच तसं वाटलं असावं, कारण बायकांनी वाट करून दिली. ती तुझ्याकडे न पाहता, तुझ्या पायांजवळून सरळ बाहेर गेली. गेली, असं कोणीतरी पुटपुटलं.

ती परत आली ती भाऊजींना ओढत. पट्टी नसलेल्या हाताला धरून, खुर्चीवरून उठवून, चपला पायात तशाच. तो बिचारा माणूस बायकांच्या गर्दीतून अडखळत आला. तिने त्याला खोलीच्या मधोमध, तुझ्या डोक्याशी उभं केलं, पदर खोचला, माझ्या हातातलं ताट ओढून घेतलं, आणि तुझ्या सासरच्या साऱ्या माणसांना ऐकू जाईल अशी ओरडली, "पाहून घ्या सगळ्यायनं! हा माहा बुढा, जित्ता हाय! आता सरका, अन् कुंकू आणा!"